गोळ्या चालू असूनही पाळीत पोट दुखतंय? आधी खाडे मोजा

माझं गर्भनिरोधक गोळ्यांचं पाकीट तांदळाच्या डब्यात असायचं. डबा रोज रात्री उघडायचाच असतो, दुसऱ्या दिवसाचे तांदूळ निवडायला, म्हणून मी ती जागा धरली होती. दुसऱ्या बाळंतपणानंतर दीड वर्षानं आशाताईनं माला-एनची पाकिटं आणून दिली होती आणि सांगितलं होतं, "वैनी, यानं पाळीचं दुखणं पण कमी येतंय बघा." दोन महिने खरंच कमी आलं. तिसऱ्या महिन्यात नंदगडला माहेरी चार दिवस राहिले. डबा इथं, मी तिथं. परत आल्यावर पाळी आली ती अशी, की उंबऱ्यावर बसून ओटीपोट दोन्ही हातांनी धरलं आणि जाऊबाईला म्हटलं, "गोळी सोसंना झालीय मला, पोट लई दुखायलंय."

गोळी सोसत नव्हती असं नाही. मी चार खाडे केले होते. दुधाचे खाडे आपण कालनिर्णयवर न चुकता मांडतो, गोळीचे मात्र कुणी मांडत नाही. खानापूर, बेळगाव, निपाणी, चिकोडी या आपल्या सीमाभागातल्या कितीतरी जणी याच ठिकाणी गोळी सोडतात, म्हणून हा लेख. मी डॉक्टर नाही. जे सांगतेय ते गेली काही वर्षं स्वतः भोगून, डॉक्टरांना विचारून आणि वाचून शिकलेलं आहे.

गोळी चालू असताना दुखणं मुळात कमी का व्हायला पाहिजे

पाळी येण्याआधी गर्भाशयाच्या आतल्या अस्तरात प्रोस्टाग्लॅंडिन नावाची द्रव्यं तयार होतात. ती गर्भाशयाला आकुंचन पावायला लावतात. आकुंचन जोरात झालं की तिथला रक्तपुरवठा तेवढ्यापुरता आवळला जातो आणि कळ येते. पाळीच्या पहिल्या दिवशी जुलाब होतात, मळमळतं, मांड्या भरून येतात, त्यामागंही बऱ्याच अंशी हीच द्रव्यं असतात.

गर्भनिरोधक गोळी अंडं बाहेर पडणं थांबवते आणि अस्तर पातळ ठेवते. अस्तर पातळ, म्हणजे ही द्रव्यं कमी, म्हणजे कळा कमी. म्हणूनच डॉक्टर लग्न न झालेल्या मुलींनासुद्धा निव्वळ पाळीच्या दुखण्यासाठी ही गोळी देतात. त्यात लाजण्यासारखं काही नाही, आणि मेडिकलवाल्यानं भुवया उंचावल्या तरी औषध ते औषधच.

गोळ्यांवर असताना येते ती पाळी नेहमीच्या पाळीसारखी नसते. पाकिटातल्या पांढऱ्या, औषधाच्या गोळ्या संपल्या की संप्रेरकं बंद होतात आणि त्या खंडामुळं रक्त जातं. ते कमी जातं, कधी नुसते डाग पडतात. "रक्त आत साठतंय, म्हणून दुखायलंय" असं आपल्याकडं हमखास सांगतात. काही साठत नाही. अस्तरच पातळ, तर बाहेर पडणार काय?

तर गोळी नीट चालू असेल तर दुखणं उतरत जायला हवं. पहिली दोन-तीन पाकिटं शरीराला सवय होण्याची, तेवढी सूट द्या. त्यानंतरही उतरत नसेल, किंवा उतरून पुन्हा चढलं असेल, तर कारण शोधायचं.

पहिली गोष्ट: आपण नेमकी कोणती गोळी घेतोय ते बघा

आपल्याकडं सगळ्यालाच "गोळ्या" म्हणतात आणि इथंच पहिला घोळ होतो. पाकीट हातात घ्या, उजेडात धरून मागचं वाचा.

माला-एन सरकारी, फुकट मिळते. माला-डी थोड्या पैशांत मिळते. दोन्हींत २८ गोळ्या असतात. २१ पांढऱ्या, त्यांत लेव्होनॉरजेस्ट्रेल ०.१५ मि.ग्रॅ. आणि एथिनाइल एस्ट्राडिओल ०.०३ मि.ग्रॅ.; आणि ७ गडद रंगाच्या, त्या नुसत्या लोहाच्या. या लेखातलं बहुतेक सगळं या जातीच्या गोळ्यांबद्दल आहे. खासगी डॉक्टर लिहून देतात त्यांतल्या अनेक गोळ्याही याच जातीच्या, काहींत फक्त २१ गोळ्या असतात आणि मग ७ दिवस खंड पाडायचा असतो.

छाया ही वेगळी. तीत संप्रेरक नाही, सेंटक्रोमॅन नावाचं औषध आहे, लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत शोधलेलं. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर आठवड्यातून एकदा घ्यायची. ती अंडं थांबवत नाही, त्यामुळं कळा कमी होतील असा तिच्यावर भरवसा ठेवू नये. पाळी लांबते, अंगावरून कमी जातं. ठरल्या तारखेपेक्षा १५ दिवसांहून जास्त लांबली तर गरोदरपणाची तपासणी करायची.

आणि तिसरी, पाळी पुढं ढकलायची गोळी. गावच्या लक्ष्मी यात्रेला, सौंदत्तीला यल्लमाला जायचं असलं, गौरी बसवायच्या असल्या की आपण ही मागवतो. ती नॉरइथिस्टेरॉन, ५ मि.ग्रॅ.ची, बहुधा दिवसातून तीनदा घ्यायला सांगतात. ती गर्भनिरोधक म्हणून चालत नाही. बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते आणि पुष्कळ जणींना ती जोराची, दुखणारी येते. माला-एन घेणारीनं वरून ही गोळी घेण्याची गरजच नसते. का, ते पुढं येईल.

दुसरी: कालनिर्णयवर खाडे मांडा

नवी वही नको. भिंतीवरच्या कालनिर्णयच्या चौकोनात, दुधाच्या हिशोबाशेजारी, रोज एक खूण. गोळी घेतली तर टिंब. चुकली तर फुली. दुखलं तर ० ते १० मधला आकडा: ० म्हणजे काही नाही, ५ म्हणजे काम करता येतं पण लक्ष तिकडंच, ८ म्हणजे आडवं पडावं लागतं. पॅड किंवा फडकी किती बदलली, दुखण्याची गोळी कोणती आणि कधी घेतली, तेही. तीन महिने.

मी हे केलं तेव्हा एका रात्रीत डोळे उघडले. ज्या महिन्यात दोन-तीन फुल्या, त्याच महिन्यात मधेच डाग आणि सातच्या वरचे आकडे. गोळी चुकली की संप्रेरकं एकदम खाली येतात, अस्तर अवेळी सुटायला लागतं आणि कळा येतात. त्याहून वाईट खाडा कुठला असेल तर नवं पाकीट उशिरा चालू करण्याचा. २८ वी गोळी संपली की दुसऱ्याच दिवशी नव्या पाकिटातली पहिली, मधे एकही दिवस रिकामा नाही, रक्त जात असलं तरी. पाकीट संपलंय, आशाताई मीटिंगला गेलीय, मग चार दिवसांनी बघू, असं आपल्याकडं फार होतं. म्हणून एक पाकीट कायम जादा ठेवा. माहेरी जाताना मोबाइलचा चार्जर घेतो तसं पर्समध्ये टाका.

खाडा झालाच तर:

एक पांढरी गोळी चुकली: आठवेल तेव्हा लगेच घ्या, त्या दिवसाची तिच्या वेळेला घ्या. एका दिवसात दोन झाल्या तरी चालतं.

दोन किंवा जास्त पांढऱ्या चुकल्या: शेवटची चुकलेली तेवढी लगेच घ्या, आधीच्या सोडून द्या, पुढं रोज एक. सलग ७ दिवस गोळी होईपर्यंत निरोध वापरा. चुकलेल्या गोळ्या पाकिटाच्या पहिल्या आठवड्यातल्या असतील आणि गेल्या पाच दिवसांत संबंध आला असेल, तर तातडीच्या गोळीबद्दल लगेच विचारा, ७२ तासांच्या आत. तिसऱ्या आठवड्यातल्या असतील तर पांढऱ्या संपवून लोहाच्या सोडा आणि थेट नवं पाकीट उघडा.

लोहाची चुकली: गर्भनिरोधाच्या दृष्टीनं काही बिघडत नाही.

गोळी घेतल्यावर तीन तासांच्या आत उलटी झाली तर दुसरी घ्या. दिवसभर जोराचे जुलाब असतील तर तो खाडाच धरा. टीबीचं रिफॅम्पिसिन किंवा फिटची कार्बामाझेपिन, फेनिटॉइन, फेनोबार्बिटोन ही औषधं चालू असतील तर गोळी नेमानं घेऊनही तिचा असर कमी होतो. ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. टीबीची गोळी एका केंद्रात आणि ही गोळी आशाताईकडून, अशा दोन वाटा असल्या की कुणीच कुणाला विचारत नाही.

तिसरी: कळ येते त्या दिवसांत काय करायचं

दुखण्याची गोळी उशिरा घेणं ही आपली सगळ्यात मोठी चूक. आपण सोसत सोसत दुपार करतो आणि असह्य झालं की गोळी शोधतो. प्रोस्टाग्लॅंडिन तयार होऊन गेल्यावर औषधाला झुंजावं लागतं. गोळ्यांवर असण्याचा मोठा फायदा हा, की पाळी कधी येणार ते ठाऊक असतं. पांढऱ्या संपल्यावर दोन-तीन दिवसांत. म्हणून पहिला डाग दिसताच, किंवा ओटीपोट जड व्हायला लागताच औषध घ्या आणि दोन-तीन दिवस वेळेवर घ्या.

आयब्युप्रोफेन ४०० मि.ग्रॅ., दर ६ ते ८ तासांनी, काहीतरी खाऊन, दिवसात तीनपेक्षा जास्त नाही. किंवा डॉक्टरांनी सांगितलं असेल तर मेफेनामिक अ‍ॅसिड, दिवसातून तीनदा, जेवणानंतर. दोन्हींपैकी एकच. स्ट्रिपचं नाव वेगळं असतं पण आत तेच औषध असतं, म्हणून मागं छापलेलं नाव वाचूनच घ्या. या औषधांनी गर्भनिरोधक गोळीचा असर कमी होत नाही.

मेफेनामिक अ‍ॅसिडबद्दल २०२३ च्या अखेरीस इंडियन फार्माकोपिया कमिशन या सरकारी संस्थेनं इशारा दिला होता. क्वचित कुणाला अंगावर पुरळ, ताप, गाठींना सूज आणि आतल्या अवयवांना त्रास अशी गंभीर अ‍ॅलर्जी येते, घेतल्यापासून काही आठवड्यांतसुद्धा. अंगावर उठलं तर ती दुखण्याची गोळी बंद आणि थेट दवाखाना.

अल्सर, मूत्रपिंडाचा त्रास, वेदनाशामकानं उठणारा दमा, रक्त पातळ करणारं औषध, किंवा गरोदरपणाची शंका असेल तर या दोन्ही गोळ्या टाळा आणि पॅरासिटामॉलबद्दल विचारा. पावसाळ्यात एक वेगळं जपायचं. अंगात ताप असेल आणि गावात डेंग्यूची साथ असेल, तर पाळी असली तरी आयब्युप्रोफेन-मेफेनामिक नको, रक्तस्रावाचा धोका वाढतो. आणि तुमच्या गर्भनिरोधक गोळीत ड्रॉस्पिरेनोन नावाचं संप्रेरक असेल तर रोजच्या रोज वेदनाशामक घेण्याआधी डॉक्टरांना विचारा. दोन्ही मिळून रक्तातलं पोटॅशियम वाढू शकतं.

शेक खरंच उपयोगी पडतो, ही नुसती आजीची समजूत नाही. रबरी पिशवी असेल तर उत्तम, नसेल तर तव्यावर गरम केलेलं जाड फडकं, किंवा आमच्याकडं करतात तशी चुलीत तापवलेली वीट, फडक्याच्या तीन घड्यांत गुंडाळून. गालाला लावून बघा, सोसवली तर पोटाला. १५-२० मिनिटं ओटीपोटावर, मग कंबरेवर. थेट कातड्यावर ठेवू नका. डाग पडून भाजलेल्या बायका मी पाहिल्यात.

सुंठ-आल्याचा काढा घेतला तर बरं वाटतं, त्याला थोडाफार संशोधनाचा आधारही आहे. ओव्यानं पोटातला वारा सरतो, तेवढंच. लोहाच्या आठवड्यात काहींना बद्धकोष्ठ होतं आणि त्यानं पोट आवळतं. ते दुखणं गर्भाशयाचं नसतं. पाणी, भाजी, एखादं पेरू, आणि एक दिवस थांबून बघा.

कामाचं काय? खानापूर-जांबोटीकडं भाताची लावणी चालू असते तेव्हा कमरेत वाकून चिखलात दिवसभर उभं राहायचं, निपाणीकडं विड्या वळताना मांडी घालून तासन् तास बसायचं. दोन्हींत ओटीपोट आणि कंबर आखडते. घरी बसून पगार बुडवा, असं मी कुठल्या तोंडानं सांगू? पण तासाला एकदा उठा, दहा पावलं चाला, वाकलेल्या असाल तर हात कमरेवर ठेवून मागं झुका. आणि दुखण्याची गोळी न्याहारीनंतर, कामावर निघण्याआधी घ्या.

चौथी: तरीही दुखतंय, आणि खाडे तर नाहीत

इथं माझी गोष्ट पुढं सरकते. खाडे शून्यावर आणले, तरी पहिल्या दोन दिवसांचे आकडे सात-आठच राहिले. एका दवाखान्यात गेले तर ऐकायला मिळालं, "दोन पोरं झाली तरी एवढं काय दुखतंय? गोळी बंद करा, तांबी बसवा." बसवली. तांबीनं माझं दुखणं आणि रक्त दोन्ही वाढवलं, सहा महिन्यांत काढावी लागली. तांबी वाईट नाही, पुष्कळ जणींना ती छान बसते. पण ज्यांना आधीच कळा आणि जास्त रक्त जातं, त्यांना ती बसवण्याआधी कारण शोधायला हवं होतं. शेवटी दुसरीकडं सोनोग्राफी झाली आणि कळलं की अ‍ॅडेनोमायोसिस आहे. गर्भाशयाच्या अस्तरासारखा भाग त्याच्या स्नायूंच्या भिंतीत शिरलेला असतो. चार वर्षं मी स्वतःला नाजूक समजत होते.

नेमानं गोळी घेऊनही दुखत असेल तर डॉक्टर हेच शोधतात: अ‍ॅडेनोमायोसिस, एंडोमेट्रिओसिस (अस्तरासारखा भाग गर्भाशयाच्या बाहेर वाढणं), फायब्रॉइडची गाठ, ओटीपोटातला जंतुसंसर्ग, लघवीचा जंतुसंसर्ग. एंडोमेट्रिओसिस प्रजननाच्या वयातल्या दहापैकी सुमारे एकीला असतो आणि तो साध्या सोनोग्राफीत दिसेलच असं नाही. "सोनोग्राफी नॉर्मल आहे, म्हणजे काही नाही" एवढ्यावर थांबू नका. संबंधाच्या वेळी आत खोल दुखणं, शौचाला बसताना पाळीत दुखणं, मूल राहायला वेळ लागणं, हे असेल तर आपणहून सांगा. कुणी विचारेल म्हणून थांबू नका.

डॉक्टरांकडं उपायही बरेच असतात, आणि त्यांतला मला सगळ्यात उपयोगी पडलेला हा: लोहाच्या सात गोळ्या सोडायच्या आणि पांढऱ्या संपल्या की दुसऱ्या दिवशी नव्या पाकिटातली पांढरी. खंडच नाही, तर रक्त नाही, तर कळ नाही. माला-एनमधल्या सगळ्या पांढऱ्या गोळ्या सारख्याच मात्रेच्या असतात, म्हणून हे जमतं. सुरुवातीचे काही महिने मधेच डाग पडतात. यात्रेच्या वेळी पाळी पुढं न्यायची असली तरी हीच वाट, वेगळी गोळी नको. पण हे डॉक्टरांना विचारून करा, आणि हिमोग्लोबिन कमी असेल तर लोह वेगळं घ्या. याशिवाय वेगळी गोळी, तीन महिन्यांचं अंतरा इंजेक्शन, संप्रेरक सोडणारी गर्भाशयातली तांबीसारखी वस्तू, एंडोमेट्रिओसिससाठी डायेनोजेस्ट, असं बरंच काही आहे.

पाचवी: दवाखान्यात जाताना

आधी गावचं प्राथमिक आरोग्य केंद्र. पुढं तालुक्याचं सरकारी रुग्णालय, त्यापुढं बेळगावात बिम्सचं जिल्हा रुग्णालय. शक्ती योजनेमुळं कर्नाटकातल्या बायकांना राज्याच्या साध्या बसनं जायला तिकीट लागत नाही, ओळखपत्र तेवढं जवळ ठेवा. चिकोडी-अथणीकडच्या बायका मिरज-कोल्हापूरला जातात. जिथं जाल तिथं मागचे कागद न्या. दर वेळी नवा दवाखाना आणि नव्यानं सुरुवात, यात वर्षं जातात. फोनवर विचारायचं असेल तर कर्नाटकात १०४, रुग्णवाहिकेसाठी १०८.

कालनिर्णयची तीन पानं फाडून न्या, फोटो काढला तरी चालेल. आणि भाषेमुळं गप्प बसू नका. डॉक्टर, सिस्टर कन्नड बोलणाऱ्या असल्या की आपण "होट्टे नोवु", म्हणजे पोट दुखतंय, एवढंच सांगतो आणि अ‍ॅसिडिटीची गोळी घेऊन परत येतो. हे पाठ करून जा: पाळी म्हणजे "मुट्टु", ओटीपोट म्हणजे "किब्बोट्टे", गोळी म्हणजे "मात्रे". "मूरु तिंगळिंद गर्भनिरोधक मात्रे तगोळ्ताइद्दीनि, मुट्टिन नोवु कडिमे आगिल्ल." तीन महिन्यांपासून गर्भनिरोधक गोळी घेतेय, पाळीचं दुखणं कमी झालेलं नाही. या एका वाक्यानं तपासणीची दिशा बदलते.

थांबायचं नाही अशा वेळा

खाडे झालेत, लोहाच्या गोळ्या संपत आल्या तरी रक्त आलं नाही: गरोदरपणाची तपासणी करा, आशाताईकडं निश्चय किट असतं. त्यातच एका बाजूला जोराची कळ, चक्कर, खांद्यात दुखणं असेल तर गर्भ नळीत राहिला असण्याची शक्यता असते. ती रात्र काढायची नसते, १०८ ला फोन करा.

ताप, घाण वासाचं पांढरं जाणं आणि ओटीपोटात दुखणं. तासाला एक पॅड भिजणं, सलग दोन तास. यांत त्याच दिवशी दवाखाना.

छातीत दुखणं किंवा धाप, एकाच पोटरीला सूज आणि वेदना, कधी नव्हे अशी डोकेदुखी, डोळ्यांपुढं अंधारी, पोटात वरच्या बाजूला असह्य दुखणं: गोळी बंद आणि तडक मोठं रुग्णालय. या गोळीनं क्वचित रक्ताची गुठळी होते, त्याची ही चिन्हं. रक्तदाब १४०/९० किंवा वर असेल, अर्धशिशीच्या आधी डोळ्यांपुढं चमकत असेल, पूर्वी गुठळी झाली असेल, विडी-सिगारेट ओढणारी ३५ च्या पुढची बाई असेल, किंवा अंगावर पिणारं मूल सहा महिन्यांच्या आतलं असेल, तर ही गोळी मुळातच नको, दुसरी निवडा. मिश्री लावत असाल तर तेही सांगा, आपल्याकडं ती तंबाखू म्हणून कुणी मोजतच नाही.

माझ्या घरी आता पाकीट दोन ठिकाणी असतं, एक तांदळाच्या डब्यात आणि एक पर्सच्या आतल्या कप्प्यात. या महिन्याच्या पानावर सगळी टिंबं आहेत, सगळ्यात मोठा आकडा ३. जाऊबाई परवा विचारत होती, तिच्या लेकीला अकरावीत पाळीच्या दिवशी कॉलेज चुकवावं लागतं. तिला मी मागच्या वर्षीचं जुनं कालनिर्णय दाखवलं आणि येत्या सोमवारी तिच्याबरोबर केंद्रात जायचं ठरवलंय.